गळक्या नळाचे खाते कोणाच्या नावे?

बदलीच्या निमित्ताने कोलकात्यास जाणाऱ्या मराठी कुटुंबाला त्या महानगराची पहिली ओळख हावडा पुलाने किंवा दुर्गापूजेच्या मंडपांनी होते. परंतु तेथे थोडे दिवस राहिले, की आणखी एक दृश्य त्याच्या मनात घर करते. रस्त्याच्या कडेला नळकोंडाळे असते, त्यावरील तोटी कधीच मोडलेली किंवा चोरीस गेलेली असते, आणि ठरावीक वेळी सुरू झालेले पाणी ती वेळ संपेपर्यंत गटाराकडे धावत राहते. मधूनच कोणी तेथे स्नान करतो, कोणी घागर भरून नेतो. उरलेला सारा वेळ ते पाणी कोणाचेच नसते. ज्या महाराष्ट्रात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथील माणसाला हे दृश्य खटकावे, यात नवल नाही.

मात्र या दृश्याकडे बोट दाखविणारा हात घरी परतल्यावर स्नानगृहातील गळका नळ आणखी थोडा आवळतो, तरीही टपटप थांबत नाही म्हणून खाली बादली ठेवतो आणि विषय तेथेच संपतो. रस्त्यावरील धार सर्वांना दिसते. घरातील थेंबाकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे. ज्या खर्चाची नोंद कोणाच्याही खात्यात होत नाही, तो खर्च थांबविण्याची घाई कोणालाही होत नाही. नळ दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न वरवर पाहता प्लंबरचा वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेबाचा, आणि त्याहूनही अधिक सवयीचा आहे.

पलत्यापासून स्वयंपाकघरापर्यंत

कोलकात्याच्या नळाला येणारे पाणी फार मोठा प्रवास करून येते. शहराच्या उत्तरेस, बराकपूरजवळील पलता येथे हुगळीचे पाणी उचलून, गाळून, शुद्ध करून शहरास पुरविण्याची व्यवस्था १८७० च्या सुमारास सुरू झाली. पुढे शहर वाढले, मजल्यांवर मजले चढले आणि पाण्याला दाब देणाऱ्या उंच टाकीची आवश्यकता भासू लागली. टाला येथील प्रचंड पोलादी टाकीचे काम १९०९ मध्ये सुरू झाले आणि १९११ मध्ये ती उपयोगात आली. जमिनीपासून सुमारे ११० फूट उंचीवर उभी असलेली ही टाकी ९० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४ कोटी लिटर पाणी धारण करते. जगातील सर्वांत मोठ्या उंच टाक्यांत तिची गणना होते.

एवढा खटाटोप करून आणलेले पाणी घरगुती वापरासाठी मापावर न आकारण्याचे धोरण कोलकात्याने वर्षानुवर्षे पाळले. उत्तरेकडील काशीपूर परिसरात आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने मीटर बसविण्यात आले, ते मुख्यतः गळती कोठे होते हे समजावे यासाठी. घरोघरी बिल धाडण्यासाठी नव्हे. गरिबाच्या घरात पाणी विनामूल्य पोहोचावे, हा विचार निंद्य नाही. पाणी ही चैनीची वस्तू नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की किंमत नसलेल्या वस्तूची जपणूक कशाच्या बळावर करावयाची?

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एका नळातून सेकंदाला एक थेंब गळतो आणि एका थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर आहे, असे धरू. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे साडेएकवीस लिटर पाणी जाईल. वर्षाकाठी जवळजवळ ७,९०० लिटर. शहरी नागरिकास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे भारतीय मानक सांगते. त्या हिशेबाने एका नळाच्या टपटपीत एका माणसाचे ५८ दिवसांचे पाणी वाहून जाते. आता टाला टाकीचा विचार करावा. असे सुमारे ५,२०० नळ वर्षभर गळत राहिले, तर ती संपूर्ण टाकी एकदा रिकामी होते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४५ लाख वस्ती असलेल्या शहरात ५,२०० गळके नळ शोधण्यासाठी फार हिंडावे लागणार नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बँकेच्या बचत खात्याच्या जाहिरातीत नेहमी येते. तिची उलट बाजूही तितकीच खरी आहे.

रुपयांत हिशेब मांडला, तर

व्यवहारी गृहस्थ येथे विचारील, की यात त्याचे नुकसान किती? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर अनेक उपदेशांची हवा काढून घेते. बहुमजली इमारतीत महापालिकेचे पाणी आधी तळघरातील टाकीत येते आणि पंपाने गच्चीवर चढविले जाते. पाण्याला मीटर नसला, तरी विजेला असतो. मग वर्षभर गळलेले ते ७,९०० लिटर पाणी पंधरा मीटर उंच चढविण्यास किती वीज लागली असेल? साधारण पंपाची कार्यक्षमता लक्षात घेऊनही, फार तर एक युनिट. म्हणजे एका वर्षाच्या गळतीचा विजेचा खर्च चहाच्या एका पेल्याच्या आसपास. उलट रबरी वॉशर काही रुपयांत मिळत असला, तरी तो बसविण्यासाठी येणाऱ्या कारागिराची एक फेरी त्याच्या कित्येक पट पडते. केवळ स्वतःच्या खिशाचा विचार केला, तर नळ गळू देणे हाच किफायतशीर मार्ग ठरतो!

मापावर आकारणी करणारी शहरे या बाबतीत फार वेगळी आहेत, असेही नाही. मुंबईतील बहुसंख्य गृहनिर्माण संस्थांत सबंध इमारतीला मिळून मीटर असतो. महाराष्ट्रातील संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सभासदांत वाटला जातो तो सदनिकेतील नळजोडांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार. किती पाणी वापरले, किती गळू दिले, याचा त्यात संबंध नाही. गळणारा नळ एकाचा, आणि भार सर्वांवर. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ अशी ही स्थिती आहे. आणि दळणारा व खाणारा दोघेही एकाच जिन्याने रोज चढउतार करीत असतात.

म्हणूनच पैशाचे आमिष दाखवून नळदुरुस्तीचा प्रचार करणे फसवे ठरते. खरे नुकसान दोन ठिकाणी होते, आणि ती दोन्ही ठिकाणे महिन्याच्या बिलात दिसत नाहीत.

पहिले ठिकाण म्हणजे भिंत. उत्तर कोलकात्यातील बागबाजार, शोभाबाजार या भागांतून हिंडताना शंभर-दीडशे वर्षांच्या वाड्यांच्या भिंतींतून वाढलेली पिंपळाची झाडे दिसतात. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी कोठेही रुजत नाही. त्याला ओल लागते. ती बहुधा एखाद्या नळीच्या सांध्यातून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या पाण्याची असते. चुन्यात बांधलेली वीट भिजत राहते, मुळे फटीत शिरतात, गिलावा फुगतो, पुढे लोखंडी तुळई गंजते. नव्या सिमेंटच्या इमारतींतही ओल सळईपर्यंत पोहोचली, की गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा थर सुटतो. गृहकर्जाच्या वा तारण कर्जाच्या प्रस्तावात मूल्यांकनकार वास्तूची पाहणी करतो, तेव्हा ओल आलेली भिंत त्याच्या नजरेतून सुटत नाही. काही रुपयांचा वॉशर वाचविलेला असतो, आणि आयुष्यातील सर्वांत मोठ्या मालमत्तेचे मोल घटत गेलेले असते.

दुसरे ठिकाण म्हणजे जलवाहिनीचे शेवटचे टोक. वाहिनीत दाब मर्यादित असतो. वाटेत जितके पाणी सांडेल, तितका पुढचा दाब कमी होतो. ही झीज सर्वांना सारखी सोसावी लागत नाही. ज्याच्याकडे तळघरात मोठी टाकी आणि पंप आहे, तो आपली सोय करून घेतो. अरुंद गल्लीच्या टोकाशी, जमिनीलगतच्या नळावर रांगेत उभी असलेली बाई मात्र रिकामी घागर घेऊन परतते. तोटी नसलेले नळकोंडाळे गरिबाच्या सोयीचे आहे, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. ते एका गरिबाला अखंड धार देते आणि पुढच्या गल्लीतील दुसऱ्या गरिबाची धार तोडते. पाणी विनामूल्य ठेवून तोटीचा आग्रह धरता येतो. या दोन गोष्टींत विरोध नाही.

महसुली खर्च आणि भांडवली खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी दोन प्रकारचे खर्च शिकविले जातात. मालमत्ता चालू स्थितीत ठेवण्यासाठी वारंवार होतो तो महसुली खर्च. नवी मालमत्ता मिळविण्यासाठी किंवा तिचे आयुष्य व उपयुक्तता वाढविण्यासाठी होतो तो भांडवली खर्च. महसुली खर्च वेळेवर न करणाऱ्या उद्योगाला भांडवली खर्च अवेळी करावा लागतो, हा नियम कारखान्यातील यंत्राइतकाच स्वयंपाकघरातील नळासही लागू आहे. तेव्हा ‘दुरुस्ती की बदल’ हा निर्णय रागाच्या भरात किंवा दुकानातील चकाकी पाहून न घेता, नळाची प्रकृती पाहून घ्यावा.

त्यासाठी पाणी कोठून गळते, हे प्रथम पाहावे. जुन्या धाटणीच्या, फिरवून बंद करण्याच्या पितळी नळात आत एक दांडा असतो. त्याच्या टोकाशी वॉशर असतो आणि नळ बंद केला, की तो खालच्या गोल बैठकीवर दाबला जातो. नळ पूर्ण बंद करूनही तोंडातून थेंब पडत असतील, तर बहुधा वॉशर झिजलेला असतो. नळ उघडल्यावर दांड्याच्या मुळाशी पाणी येत असेल, तर तेथील दोऱ्याची किंवा रबराची भरण बदलावी लागते. नळ भिंतीत जेथे शिरतो तेथे ओल असेल, तर आट्यांवरील आवरण निकामी झालेले असते. तेथे आता पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. पूर्वी सफेदा लावलेली सुतळी वापरीत, आणि अनेक जुने कारागीर अजूनही तीच विश्वासाची मानतात. बंगालच्या तागाने देशाची पोती जशी शिवली, तसे घरोघरचे नळही कोरडे ठेवले.

या तिन्ही दुरुस्त्या महसुली खर्चाच्या आहेत आणि पहिली तर घरातील कोणीही करू शकतो. आधी त्या नळाचा किंवा मजल्याचा स्टॉपकॉक बंद करावा, नळ उघडून आतील पाणी जाऊ द्यावे, पान्याने वरचा भाग सैल करून काढावा, जुना वॉशर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणावा. नवा बसविण्यापूर्वी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. ती गुळगुळीत लागली तर काम झाले. खाच लागली तर नवा वॉशरही महिनाभरात फाटेल. अशी बैठक घासून सपाट करण्याचे हत्यार कारागिराजवळ असते. नळ बंद करताना जोर लावून आवळण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. वॉशर लवकर फाटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

बदल केव्हा करावा, यालाही निश्चित उत्तरे आहेत. नळाच्या अंगाला तडा गेला असेल, आट्या झिजून घसरत असतील, बैठक घासण्यापलीकडे गेली असेल, किंवा पितळातील जस्त निघून जाऊन धातू तांबूस व ठिसूळ झाला असेल, तर त्या नळावर आणखी पैसा घालणे म्हणजे बुडीत खात्यात नव्याने कर्ज देण्यासारखे आहे. आणखी एक कारण हिशेबाबाहेरचे, पण रास्त आहे. घरात संधिवाताने बोटे आखडलेली आजी असेल, तर फिरवण्याचा नळ काढून दांडीचा, पाव फेऱ्यात उघडणारा नळ बसविणे हा खराखुरा भांडवली खर्च होय. त्याने घराची उपयुक्तता वाढते.

नवा नळ घेताना मात्र दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: याचे सुटे भाग मिळतात काय? पाव फेऱ्याच्या नळात वॉशर नसतो; दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात, परंतु टाकीतून आलेल्या वाळूच्या कणाने एकदा ओरखडा पडला, की त्या घरी दुरुस्त होत नाहीत. आतील संपूर्ण काडतूस बदलावे लागते. तो भाग त्या कंपनीचाच हवा असतो. बाजारातून तो नाहीसा झाला, तर काल घेतलेला देखणा नळ आज भंगार ठरतो. तेव्हा नवा नळ घेतानाच एक जादा काडतूस घेऊन पावतीसह जपून ठेवणे शहाणपणाचे. जुना पितळी नळ बदललाच, तर तो फेकू नये. पितळ वजनावर विकले जाते. मालमत्तेच्या आयुष्याच्या शेवटीही तिचे काही मोल उरते, हे ताळेबंद वाचणाऱ्यास सांगण्याची गरज नाही.

टाला टाकीचा धडा

या संदर्भात टाला टाकीच्या रचनाकारांनी एक मोठी दूरदृष्टी दाखविली होती. टाकीच्या पोटात चार कप्पे आहेत. एक कप्पा रिकामा करून तो स्वच्छ वा दुरुस्त करता येतो आणि उरलेल्या तीन कप्प्यांतून शहराला पाणी मिळत राहते. शतक उलटून गेल्यावर, अलीकडच्या काळात टाकीची मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली, तेव्हाही एकेक कप्पा घेऊन काम करता आले. टाकी पाडून नवी बांधण्याची वेळ आली नाही, याचे श्रेय जितके पोलादाला, तितकेच ‘हे कधी तरी दुरुस्त करावे लागेल’ असे आधीच मानून केलेल्या रचनेला आहे.

आजच्या सदनिकांत नेमकी हीच बुद्धी हरवलेली दिसते. संगमरवरी फरशी, भिंतभर टाइल्स, त्यामागे कायमच्या पुरलेल्या नळ्या आणि सबंध सदनिकेला मिळून एकच स्टॉपकॉक! एक वॉशर बदलण्यासाठी साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागते. मग ‘रविवारी पाहू’ म्हणून काम लांबते आणि तो रविवार सहसा उगवत नाही. नवे घर घेणाऱ्याने किंवा घराच्या नूतनीकरणासाठी कर्ज घेणाऱ्याने आराखड्यातच प्रत्येक नळाखाली स्वतंत्र अँगल कॉक मागून घ्यावा. त्याचा खर्च एकूण अंदाजपत्रकात नगण्य असतो, आणि पुढची पंचवीस वर्षे दुरुस्तीची सबब उरत नाही.

दुरुस्ती कोणाची जबाबदारी?

नळाचा हिशेब खरोखर अडतो तो मालकीच्या प्रश्नापाशी. कोलकात्यातील जुन्या भाड्याच्या घरांत अंगणातील सामाईक नळ हा सर्वांत दुर्दैवी प्राणी होय. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी परवडणार? गिरगाव-परळच्या चाळींत हाच संवाद मराठीत ऐकू येतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांच्या मध्ये नळ गळत राहतो.

कायदा याबाबत अगदीच मूक नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. लेखी सूचना देऊन किमान पंधरा दिवस वाट पाहिल्यावरही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात मात्र ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. दुसरीकडे, घरभाड्याच्या उत्पन्नावर कर आकारताना आयकर कायदा निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट देतो. प्रत्यक्षात दुरुस्तीवर एक पैसा खर्च केला वा न केला, तरी ती मिळते. ज्या मालकाने ही वजावट घेतली, त्याने भाडेकरूच्या घरातील नळाचा वॉशर नाकारावा, हे कायद्यात बसत असले तरी न्यायात बसत नाही.

तरीही प्रत्येक थेंबासाठी कायद्याचे पुस्तक उघडणे शक्य नाही. येथे मीरा रोड येथील एका वृद्ध साहित्यिकाचे उदाहरण बोलके आहे. ‘बहादूर’ आणि ‘ढब्बूजी’ यांचे जनक, चित्रकार व लेखक आबिद सुरती यांनी २००७ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ हा उपक्रम सुरू केला. साहित्यासाठी मिळालेल्या पुरस्काराची रक्कम त्यांनी त्यात घातली. दर रविवारी एका प्लंबरला व एका स्वयंसेविकेला बरोबर घेऊन ते इमारतींतील घरोघर जात आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देत. पहिल्या वर्षाच्या त्यांच्या हिशेबात १,६६६ घरांना भेटी आणि ४१४ नळांची दुरुस्ती अशी नोंद आहे. या आकड्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. ती घरे निर्धन नव्हती. वॉशरची किंमत देणे त्यांतील कोणासही जड नव्हते. अडचण एवढीच होती, की एका वॉशरसाठी प्लंबर यायला तयार नसतो. सुरती यांनी पाणी वाचविले ते पैसा वाटून नव्हे, तर दाराशी कारागीर आणून.

हीच अडचण कोलकात्यातही आहे. तेथे नळाला ‘कल’ आणि नळाच्या कारागिराला ‘कलेर मिस्त्री’ म्हणतात. मराठीतील ‘कळ फिरविणे’ ज्यास ठाऊक आहे, त्याला हा शब्द परका वाटू नये. हा मिस्त्री लहान कामाला टाळाटाळ करतो किंवा सरळ नवा नळ आणण्याचा सल्ला देतो, अशी तक्रार सर्वत्र असते. पण त्याची बाजू कोण पाहतो? वॉशर बदलण्याच्या कामाचे मोल गृहस्थ वॉशरच्या किमतीवरून ठरवितो. त्याचा येण्याजाण्याचा वेळ व त्याचे कौशल्य यांस शून्य किंमत देतो. मग त्याचे पोट भरते ते नव्या नळावरील दुकानाच्या दलालीवर. दुरुस्तीला योग्य मोबदला दिल्यावाचून दुरुस्ती करणारे हात टिकणार नाहीत. ज्या समाजात दुरुस्तीची मजुरी देताना घासाघीस होते आणि नव्या वस्तूची किंमत निमूटपणे मोजली जाते, त्या समाजाचा कचराडेपो मोठा होत जातो.

करता येण्यासारखे

उपाय साधे आहेत आणि ते कोलकात्यापासून कोल्हापूरपर्यंत सर्वत्र चालतील. गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून दोन दिवस ठरवून, एका कारागिरास पूर्ण दिवसाच्या मजुरीवर बोलावून, सर्व सदनिकांतील नळ एकाच वेळी तपासून घ्यावेत. दिवसाची मजुरी वीस घरांत विभागली, की ‘एका वॉशरसाठी कोण येणार’ ही सबब संपते. सदनिकेतील नळ सभासदाचे आणि सामाईक वाहिन्या संस्थेच्या, हे मान्य असले तरी तपासणी सर्वांची मिळून असावी. पाणी बंद असताना नळ उघडून पाहून तो तसाच सोडण्याची सवय ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या प्रत्येक शहरात आहे. घराबाहेर पडताना दाराच्या कुलपाबरोबर नळही पाहावा. महापालिकांनी नळकोंडाळ्यावर सहज न चोरता येणाऱ्या, आपोआप मिटणाऱ्या तोट्या बसवाव्यात आणि तेथे पाणी भरणाऱ्या स्त्रियांपैकीच कोणावर तिच्या देखरेखीचे मानधनाचे काम सोपवावे. तोटी मोडली, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते.

बँकेत कर्जखात्याचा हप्ता ९० दिवस थकला, की ते खाते अनुत्पादक ठरते. परंतु जागरूक शाखा ९० व्या दिवसाची वाट पाहत नाही. पहिला हप्ता चुकताच कर्जदारास दूरध्वनी जातो, कारण त्या वेळी लहानशा प्रयत्नाने खाते सावरते. घरातील पहिली टपटप ही अशीच आरंभीची सूचना आहे. तिचा आकडा कोणत्याही पासबुकात छापून येणार नाही आणि कोणतेही बिल तिची आठवण करून देणार नाही. ती नोंद माणसाने स्वतःच आपल्या नावे घ्यावयाची असते. वॉशर, पाना आणि रविवारची पंधरा मिनिटे, एवढ्यात हे खाते नियमित होते. आणि ज्या घराने ते नियमित केले, त्याला पुढे नवे शिल्लक काही मिळणार नाही, हे खरे. परंतु वाहिनीच्या टोकाशी, जेथे या घरातील कोणी कधी गेलेलेही नाही, तेथे एक घागर थोडी लवकर भरेल.